वेतन, व्यवसाय आणि पत

खाते उघडण्याच्या अर्जात नाव, पत्ता, जन्मतारीख ह्यांच्यानंतर एक लहानसा रकाना असतो : 'व्यवसाय'. त्याच्याच शेजारी दुसरा : 'वार्षिक उत्पन्न'. हे रकाने भरून घेणे नियमानुसार आवश्यक आहे व त्यामागील कारणही योग्यच आहे. खात्यातील उलाढाल ग्राहकाच्या उत्पन्नाशी सुसंगत आहे की नाही, हे बँकेस पाहावे लागते. तेव्हा माझी तक्रार रकान्यांबद्दल नाही. ते वाचल्यावर अर्ज घेणाऱ्याच्या आवाजात आणि खुर्चीकडे निर्देश करणाऱ्या त्याच्या हातात जो फरक पडतो, त्याबद्दल हा लेख आहे. असा फरक ज्यांच्यात पडतो त्यांत प्रस्तुत लेखकही आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

माझी बदली झाशीस झाली तेव्हा घरच्या मंडळींना अभिमानच वाटला. मराठी माणसाला झाशी हे परके गाव वाटत नाही. पहिल्याच रविवारी किल्ला पाहिला आणि १८४२ साली गंगाधरराव नेवाळकर व लक्ष्मीबाई ह्यांचा विवाह जेथे झाला, त्या गणेशमंदिरात जाऊन आलो. सोमवारी मात्र कर्जविभागात बसलो आणि नेहमीची सवय नेहमीसारखी सुरू झाली.

एके दिवशी दुपारी दोन ग्राहक एकदमच आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एक गृहस्थ खासगी कंपनीत व्यवस्थापक होते, त्यांना मोटारीसाठी कर्ज हवे होते. त्यांना मी "बैठिए" म्हणालो, चहा मागवला. त्यांच्यामागे कापडी पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. तिला मुलीच्या शिक्षणासाठी कर्जाची चौकशी करावयाची होती. वीस मिनिटांनी तिची पाळी आली. मी ठरावीक प्रश्न विचारला, "आप क्या करती हैं?" ती म्हणाली, "कछू नईं, साहब. घरईं में रहत." मी रकान्यात 'गृहिणी' असे लिहिले आणि उत्पन्नापुढे आडवी रेघ ओढली.

मग तिने पिशवीतून पासबुक काढले. सहा वर्षे चाललेले आवर्ती ठेवीचे खाते, आणि एकही हप्ता चुकलेला नाही. आडवी रेघ असलेल्या उत्पन्नातून हे हप्ते आले कोठून? विचारता कळले की ती घरी बसून कापडाची मऊ खेळणी शिवते. उत्तर प्रदेश शासनाने २०१८ मध्ये 'एक जनपद, एक उत्पाद' योजना सुरू केली, तीत झाशी जिल्ह्याचे उत्पादन म्हणून हीच मऊ खेळणी निवडलेली आहेत. जिल्ह्याची ओळख म्हणून ज्या कामाची शासनदरबारी नोंद आहे, ते करणारी बाई स्वतःच्या कामाला 'काही नाही' म्हणत होती, आणि एम.कॉम. झालेला अधिकारी ते निमूटपणे लिहून घेत होता. ह्या सगळ्या वेळात ती उभीच होती, हे माझ्या लक्षात पासबुक परत देताना आले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला वेतन कसे ठरते, हे शिकवलेले असते. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वेतनातील फरकांची पाच कारणे दिली आहेत. काम सुखद आहे की त्रासदायक, ते शिकण्यास किती वेळ व खर्च लागतो, ते वर्षभर मिळते की अधूनमधून, त्यात दुसऱ्याने किती विश्वास टाकावा लागतो, आणि त्यात यश मिळण्याची शक्यता किती. ह्या यादीत 'माणूस किती मोलाचा' हे सहावे कारण नाही. उलट स्मिथ म्हणतो की फाशी देणाऱ्याला कामाच्या मानाने इतर कारागिरांहून अधिक मोबदला मिळतो, कारण ते काम कोणालाच नको असते; आणि प्रतिष्ठेच्या व्यवसायांत मान हाच मोबदल्याचा मोठा भाग असल्याने रोख रक्कम बहुधा कमी पडते. म्हणजे त्याच्या मते मान आणि पैसा पुष्कळदा एकमेकांची भरपाई करतात. आपण मात्र पैसा असेल तेथेच मानही नेऊन ठेवतो, आणि जेथे दोन्ही नाहीत तेथे उभे राहायला सांगतो.

सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांचे किमान मूळ वेतन दरमहा १८,००० रुपये व कमाल २,५०,००० रुपये ठरवले. हे प्रमाण साधारण एकास चौदा पडते. जबाबदारी, शिक्षण, निर्णयाचा परिणाम अशा गोष्टी तोलून आयोग आपले आकडे ठरवतो, आणि त्यावर कर्मचारी संघटना वाद घालतात ते योग्यच आहे. परंतु चौदापट वेतन घेणारा माणूस चौदापट मोठा आहे, असे कोणताही आयोग म्हणत नाही. ते काम लग्नाच्या बैठकीत आपण करतो. "मुलगा काय करतो?" ह्या प्रश्नाचा खरा अर्थ "पॅकेज किती?" असा असतो, हे मध्यस्थालाही ठाऊक असते.

घरातील कामाची गोष्ट तर आणखी विचित्र. एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले, तर काम तेवढेच राहून राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटते, ही अर्थशास्त्रज्ञ पिगू ह्यांनी दाखवलेली विसंगती परीक्षेत हमखास विचारली जाई. आम्ही ती गमतीदार उदाहरण म्हणून पाठ केली आणि गुण मिळवले. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले. हे काम करणाऱ्या पुरुषांचा जातो ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तासांचे काम, आणि अर्जात आडवी रेघ.

आता आमच्या धंद्यातील शब्दाकडे वळतो. मराठीत 'पत' हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. बाजारात पत असणे म्हणजे उधार मिळणे, आणि गावात पत असणे म्हणजे शब्दाला मान असणे. जुन्या सावकारीत हे दोन अर्थ फारसे वेगळे नव्हते. आज पुष्कळांचा समज असा की मोठा पगार म्हणजे मोठी पत. ग्राहकमित्रांनी हे अवश्य लक्षात घ्यावे की सिबिलचा ३०० ते ९०० दरम्यानचा जो गुणांक कर्जाच्या वेळी पाहिला जातो, त्याच्या गणितात पगाराचा आकडा येतच नाही. पूर्वीची कर्जे वेळेवर फेडली का, मंजूर मर्यादेपैकी किती वापरली, नव्या कर्जांसाठी किती ठिकाणी विचारणा केली, ह्यांवर तो ठरतो. कर्ज किती द्यावे हे ठरवताना उत्पन्न पाहतात, कारण हप्ता झेपला पाहिजे. पण ती ऐपत झाली. पत ही वेगळी. १९९२ साली नाबार्डने ५०० बचतगट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्या सभासद स्त्रियांपाशी ना पगाराची चिठ्ठी होती ना तारण. त्यांची नियमित बचत आणि आपसांतील परतफेड हाच आधार मानला गेला.

व्यवसायांची उतरंड काही आज निर्माण झालेली नाही. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असे आपले आजोबा म्हणत. हिंदी मुलुखातही ह्याच अर्थाची म्हण आहे, आणि तीत नोकरीच्याही खाली भीक येते. आता ही उतरंड पार उलटी झाली आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही आणि कायम नोकरीवाल्याकडे स्थळांची रांग लागते. एका म्हणीचे दोन-तीन पिढ्यांत असे शीर्षासन होत असेल, तर ती पायरी माणसाच्या अंगची नसून काळाची असली पाहिजे, इतके तरी मान्य करावे लागेल.

झाशीशी निगडित अशा एका मराठी माणसाचा हिशेब ह्या संदर्भात मला वारंवार आठवतो. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे व्यवसायाने भिक्षुक. घरी दारिद्र्य व कर्ज. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, असे कळल्यावरून १८५७ साली ते चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. आजच्या भाषेत बोलायचे तर अधिक वेतनासाठी परप्रांतात गेले. वाटेतच बंडाची वार्ता आली. फिरत फिरत ते झाशीस पोहोचले, आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजने शहराला घातलेला वेढा, तोफांचा मारा व नंतरची कत्तल आणि लूट हे सर्व त्यांना आतून पाहावे लागले. मिळवलेले द्रव्य लुटीत गेले. घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. कमाईच्या वहीत पाहिले तर जमेची बाजू रिकामी. शेजारपाजारच्यांनी हा प्रवास बुडीत खाती टाकला असता तर नवल नाही. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून भटजींनी ती हकीकत लिहून काढली. 'माझा प्रवास' ह्या नावाने ती १९०७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखक हयात नव्हते. झाशीच्या पाडावाची साक्ष देणारे हे पुस्तक आज इतिहासाचे अभ्यासक हाताळतात.

त्यात एक प्रसंग आहे. झाशी सोडून काल्पीच्या वाटेवर असलेली राणी, धुळीने माखलेली आणि तहानेने व्याकूळ, एका विहिरीपाशी भटजींना भेटते. ते पाणी काढून देऊ लागतात, तेव्हा आपण विद्वान ब्राह्मण आहात, माझ्यासाठी हे काम करू नका, असे सांगून ती स्वतः पाणी काढते. ह्याच राणीला १८५४ मध्ये संस्थान खालसा करताना कंपनी सरकारने दरमहा ५,००० रुपयांचे निवृत्तिवेतन देऊ केले होते. एवढे वेतन देऊ झालेल्या स्त्रीने कफल्लक भिक्षुकाला दिलेला हा मान आहे. मात्र हा प्रसंग सांगून 'जुना काळ किती थोर' असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. तो मान विद्येला होता हे खरे, पण जन्मालाही होता. ह्याच झाशीत कोरी ह्या विणकर समाजातील झलकारीबाई राणीसाठी लढली. तिचे नाव ग्रंथांपेक्षा लोकांच्या तोंडीच अधिक टिकले, आणि तिच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघायला २००१ साल उजाडले. तराजू बदलला तरी कोणीतरी पारड्याच्या बाहेरच राहते.

झाशीकरांना हा विषय काढला की ते ध्यानचंदांचे नाव घेतात. १९२२ मध्ये ते साधे शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे नेतृत्व ऑक्सफर्डला शिकलेल्या, आय.सी.एस.साठी निवड झालेल्या जयपालसिंग मुंडा ह्यांच्याकडे होते, आणि ध्यानचंद लान्स नायक होते. हुद्द्यांच्या दृष्टीने ह्या दोघांत केवढे अंतर! पुढे जयपालसिंगांनी आय.सी.एस. सोडून दिली, त्या काळी देशात याहून हेवा वाटावी अशी नोकरी क्वचितच असेल. ध्यानचंदांनी आणखी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली आणि १९३६ मध्ये बर्लिनला स्वतः संघनायक झाले. १९५६ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. १९७९ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाल्यावर अंत्यसंस्कार झाले ते झाशीत, हॉकीच्या मैदानावर.

त्या बाईचे कर्जप्रकरण पुढे रीतसर झाले. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत सामान्यतः तारण लागत नाही. पालक सहकर्जदार होतात आणि परतफेड मुलीच्या भावी कमाईतून अपेक्षित असते. मुलीला नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळाला होता. दुसऱ्या खेपेस त्या दोघी आल्या तेव्हा मी खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. आईच्या नावापुढे 'गृहिणी' खोडून 'खेळणी शिवणे, स्वयंरोजगार' असे लिहिले आणि उत्पन्नाचा आकडा तिच्याकडून हिशेब करवून घेऊन भरला. तो आकडा तिला स्वतःलाही नवा होता. तिने दोनदा वाचून घेतला. मग सही करण्यापूर्वी ती थांबली आणि मला विचारले, नर्स झाल्यावर पोरीला पगार किती मिळेल?

प्रस्तावाच्या नमुन्यात मलाही तेच भरायचे होते. अपेक्षित मासिक वेतन. मी दोन-तीन रुग्णालयांतून चौकशी करून ठेवली होती, ती त्या दोघींना वाचून दाखवली.