माउंट व्हर्नन : घर आणि बाग

जॉर्ज वॉशिंग्टन हे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. व्हर्जिनिया राज्यात पोटोमॅक नदीच्या काठी त्यांचे घर आहे. त्याचे नाव माउंट व्हर्नन. १७५४ साली ते त्यांच्या ताब्यात आले. तेव्हा हा प्रदेश इंग्रजांची वसाहत होता. आज हे घर संग्रहालय आहे. चला, ते पाहू या.

घर दुरून दगडी दिसते. पण ते लाकडाचे आहे! फळ्यांना दगडांसारखा आकार दिला आणि ओल्या रंगावर वाळू टाकली. आत भिंतीवर एक मोठी किल्ली आहे. ती फ्रान्समधील बॅस्टिल तुरुंगाची. १७८९ साली लोकांनी तो तुरुंग जिंकला. लाफायेत या मित्राने ही किल्ली वॉशिंग्टन यांना भेट दिली. ती स्वातंत्र्याची खूण आहे.

आता बागेत जाऊ या. मध्ये हिरवळ आहे. दोन्ही बाजूंनी वळणदार वाटा आहेत. एका बागेत फुले, तर दुसरीत भाजीपाला. गुरे आत येऊ नयेत म्हणून खोलगट जागी भिंत बांधली आहे. त्यामुळे घरातून पाहताना भिंत दिसत नाही.

येथे एक हरितगृह आहे. थंडीत संत्र्या-लिंबांची झाडे जगावीत म्हणून मागे भट्टी पेटवत. ते १८३५ साली जळाले. नंतर पुन्हा बांधले. याच इमारतीला लागून गुलामांच्या खोल्या होत्या. झाडांना ऊब देणारे हात त्यांचेच!

१७९९ साली येथे ३१७ गुलाम होते. आपल्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करावे, असे वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात लिहिले. त्यांपैकी बहुतेकजण १८०१ साली मुक्त झाले. इतर अनेकजण त्यांच्या पत्नीच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतील होते. ते वारसांत वाटले गेले. कित्येक कुटुंबे तुटली.

गुलामांच्या कबरींवर नावे नव्हती. १९८३ साली तेथे स्मारक उभे राहिले. माउंट व्हर्ननला जाणाऱ्याने किल्ली पाहावी, फुले पाहावीत आणि या स्मारकापाशीही क्षणभर थांबावे.

शब्दार्थ
वसाहत – परक्यांच्या सत्तेखालील प्रदेश
हरितगृह – झाडे जपण्यासाठी बांधलेले घर
मृत्युपत्र – मृत्यूनंतर मालमत्तेचे काय करावे हे सांगणारा लेख
वारस – मालमत्तेचा हक्कदार

स्वाध्याय
१. घर दगडी का दिसते?
२. बागेची भिंत घरातून का दिसत नाही?
३. किल्ली आणि गुलामांच्या खोल्या एकाच ठिकाणी पाहून तुम्हांला काय वाटते? पाच ओळी लिहा.