अकरा तालुके, तीन रूट

बीडचा पिनकोड ४३११२२, अंबाजोगाईचा ४३१५१७, परळीचा ४३१५१५. आष्टीचा मात्र ४१४२०३ आणि पाटोद्याचा ४१४२०४. जिल्हा आपला, पण पहिले तीन आकडे अहिल्यानगरकडचे. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेल्या या पद्धतीत दूरच्या टपाल कार्यालयाला वडवणी कुठे आहे हे ठाऊक असावं लागत नाही. सुरुवातीचे आकडे पाहून थैली योग्य दिशेला निघते. राउटरही पत्त्याचा पुढचा भाग पाहूनच पॅकेट पुढे ढकलतो. अनेक रूट एकाच छोट्या नोंदीत गुंडाळणं म्हणजे रूट अ‍ॅग्रिगेशन. ते जमणार की नाही, हे पत्ते वाटले त्याच दिवशी ठरतं. वाटप विस्कळीत असेल तर पुढे कोणतीही कमांड उपयोगाची नाही.

आधी क्लासचा गुंता सोडवू. १९८१च्या मूळ आखणीत पहिल्या आकड्यावरून क्लास ठरे: १२७पर्यंत ए, १२८ ते १९१ बी, १९२ ते २२३ सी. सी-मध्ये जेमतेम २५४ यंत्रं मावत, बी-मध्ये ६५,५३४. तीनशे संगणकांच्या कॉलेजला सी अपुरा, बी अवाढव्य. ही उधळपट्टी आणि फुगत चाललेली राउटिंग टेबलं, दोन्ही थांबवण्यासाठी १९९३मध्ये सीआयडीआर आलं. तेव्हापासून पत्त्यासोबत ‘/२०’ असा मास्क लिहितात आणि क्लासला अर्थ उरला नाही. विद्यार्थ्यांनी क्लास इतिहास म्हणून जरूर शिकावेत, पण नेटवर्क आखताना बाजूला ठेवावेत.

आता समजा, जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांची कार्यालयं एका खासगी नेटवर्कमध्ये जोडायची आहेत. १०.८०.०.०/१६ हा पट्टा घ्या. पत्ते दोनाच्या घातांतच विभागले जातात, म्हणून अकरा नव्हे, सोळा भाग पाडा. प्रत्येक भाग /२०चा, म्हणजे ४,०९६ पत्त्यांचा. तिसरा आकडा ०, १६, ३२, ४८ असा सोळा-सोळानं वाढत जातो.

वाटप अकारविल्हे करू नका, तारा जशा जातात तसं करा. अंबाजोगाई, परळी, केज, धारूर यांना ०, १६, ३२, ४८. बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी यांना ६४, ८०, ९६, ११२. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार यांना १२८, १४४, १६०. उरलेले पाच भाग राखीव.

पहिल्या चौघांचे तिसरे आकडे बायनरीत मांडून पाहा:

०: ००००००००
१६: ०००१००००
३२: ००१०००००
४८: ००११००००

डावीकडचे दोन बिट चारही ओळींत सारखे. आधीचे सोळा बिट सारखे आहेतच, म्हणून १६ अधिक २, म्हणजे १०.८०.०.०/१८. अंबाजोगाईच्या राउटरनं बीडला चार रूटऐवजी हा एकच सांगायचा. मधल्या गटाचा ६४.०/१८, पश्चिमेचा १२८.०/१८. अकरा नोंदींच्या जागी तीन, आणि जिल्ह्याबाहेर तर /१६ची एकच.

इथे हमखास चूक होते ती ‘सलग चार आहेत ना, मग झालं’ असं समजण्याची. १६, ३२, ४८, ६४ हेही सलगच आहेत, पण ६४ची सुरुवात ०१नं होते. ते एका /१८मध्ये बसत नाहीत. या /१८साठी सुरुवातीच्या तिसऱ्या आकड्याला ६४नं नि:शेष भाग गेलाच पाहिजे.

प्रोटोकॉलही पारखून घ्या. आरआयपीची पहिली आवृत्ती मास्क पाठवतच नाही. परळी आणि आष्टी यांना बीडशी जोडणाऱ्या लिंकना १९२.१६८चे पत्ते दिले असतील, तर दोन्हीकडून बीडला फक्त ‘१०.०.०.०’ ऐकू येईल आणि परळीची पॅकेटं आष्टीला जाऊ लागतील. दुसरी आवृत्ती वापरा आणि ऑटो-समरी बंद ठेवा. ओएसपीएफ असेल तर समरी एरियाच्या सीमेवरच्या राउटरवर करावी लागते, म्हणून तीन गटांचे तीन एरिया आधीच ठरवा.

पश्चिमेच्या गटात १७६.०/२० रिकामा आहे. तिथल्या पत्त्यावर पॅकेट आलं, की बीड ते समरीप्रमाणे पश्चिमेला पाठवतं; तिथल्या राउटरला नेमका रूट सापडत नाही, म्हणून तो डिफॉल्ट रूटनं परत बीडला धाडतो. टीटीएल संपेपर्यंत हेच चालतं. उपाय म्हणजे समरी करणाऱ्या राउटरवरच त्या /१८साठी नल रूट. काही प्रोटोकॉल तो आपोआप घालतात. स्टॅटिक रूट लिहीत असाल तर हातानं घाला.

धारूरला माजलगावकडूनही लिंक दिली आणि तिकडून ४८.०/२० वेगळा जाहीर झाला, तर बीड नेहमी तोच रस्ता धरेल, कारण राउटर सर्वांत लांब जुळणारा प्रिफिक्स निवडतो. राखीव म्हणून घेतलेली लिंक मुख्य होऊन बसते. तसं नको असेल, तर अंबाजोगाईकडूनही धारूरचा /२० समरीसोबत जाहीर करा आणि त्याला पसंती द्या.

काम सोपवण्याआधी केजची तार मुद्दाम काढा. बीडच्या टेबलमध्ये काहीच बदलणार नाही, /१८ तसाच दिसेल. केजची पॅकेटं अंबाजोगाईपर्यंत येऊन तिथे टाकली जातील. म्हणून तालुक्याची लिंक पडल्याची सूचना बीडच्या टेबलवरून मिळेल या भरवशावर राहू नका. ती अंबाजोगाईच्या राउटरवरूनच थेट यावी अशी व्यवस्था करा.