पत्र्याच्या छपरांतील फटी : कोणती बुजवावी व कोणती राखावी

मृगाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर खेडेगांवांतील पत्र्याच्या घरांत एक तक्रार हटकून ऐकूं येते. पत्रा नवा, भोक एकही नाहीं, तरी भिंतीच्या कडेचें अंथरूण भिजलें. घरधनी शिडी लावून पत्रा तपासतो, जागोजाग डांबर लावतो. पण पुढच्या वादळी पावसांत पुन्हा तेंच. कारण असें कीं, तें पाणी पत्र्यांतून आलेलें नसतें. पत्र्याखालून आलेलें असतें. ही गोष्ट नीट समजावी, आणि तिच्यावर उपाय करतांना दुसरें संकट ओढवूं नये, म्हणून हा लहानसा पाठ आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

१. फट कां राहते?

लंडन येथील गोदीचा इंजिनिअर हेन्री रॉबिन्सन पामर ह्यानें १८२९ सालीं पन्हळी पत्र्याचें पेटंट घेतलें. पातळ सपाट पत्रा हातानें वांकतो, पण त्यालाच लाटा पाडल्या म्हणजे तो भार पेलूं लागतो, हें त्यांतील मर्म. पुढें १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल ह्यानें लोखंडावर जस्त चढविण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें, आणि गंजाचें भय कमी होतांच हा पत्रा जगभर पसरला.

परंतु ज्या लाटेमुळें पत्र्यास बळ येतें, तिच्यामुळेंच फट पडते. भिंतीचा माथा सरळ, आणि पत्रा लाटेचा. तेव्हां प्रत्येक उंचवट्याखालीं एक लहानसा बोगदा राहतो. नेहमीच्या लोखंडी पत्र्याची लाट सुमारें ७५ मिलिमीटर रुंद व १८ मिलिमीटर खोल असते. म्हणजे वीस फूट लांबीच्या भिंतीवर असे ऐंशी बोगदे झाले. सरळ पडणारा पाऊस ह्या बोगद्यांत येत नाहीं. पण नैर्ऋत्येचा वारा सुटला म्हणजे तो पाणी आडवें ढकलतो. तें वळचणींतून आंत शिरतें, आणि आढ्यावरील झाकणपत्र्याखालीं तर उताराच्या उलट वर चढतें. धूळ, उंदीर व गांधिलमाशा ह्यांचीही वाट तीच.

२. ती कशानें बुजवावी?

आजवर लोकांनीं ह्या फटींत चिंध्या व गोणपाट कोंबले, किंवा सिमेंटचा गिलावा भरला. चिंधी ओल धरून ठेवते, आणि जेथें ओल तेथें गंज. गिलाव्याची अडचण निराळी आहे. पहाटे थंड असलेला दहा फुटी पत्रा दुपारच्या उन्हांत चाळीस अंशांनीं तापला, तर सुमारें दीड मिलिमीटर लांबतो, आणि रात्रीं पुन्हा आखडतो. ह्या रोजच्या ओढाताणींत कडक गिलावा तडकतो. म्हणून भरण अशी पाहिजे कीं, ती पत्र्याबरोबर दबेल व फुगेल, पण पाणी पिणार नाहीं.

हें काम फोमची पट्टी करते. पॉलिथिलीन किंवा तशाच जातीच्या रबरासारख्या पदार्थाची ही पट्टी एका बाजूनें सपाट व दुसऱ्या बाजूनें पत्र्याच्या लाटेबरहुकूम कापलेली असते. ती घेतांना तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली, फोम बंद छिद्रांचा असावा. तुकडा पाण्यांत बुडवून पिळावा. पाणी गळलें तर तो स्पंज होय, आपल्या कामाचा नव्हे. दुसरी, लाट जुळली पाहिजे. सिमेंटच्या पत्र्याची लाट १४६ मिलिमीटर रुंद व ४८ मिलिमीटर खोल असते. तिला लोखंडी पत्र्याची पट्टी बसणार नाहीं. ह्यासाठीं आपल्या पत्र्याच्या कडेचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून तो दुकानांत न्यावा. तिसरी, वळचणीस लाट वरच्या अंगास असलेली पट्टी लागते, व आढ्याखालीं लाट खालच्या अंगास असलेली. दोन्ही मापून मागाव्या.

पट्टी बसविण्याचें काम वैशाखांत, सकाळच्या थंड वेळीं करावें. वळचणीजवळच्या ओळींतील बोल्ट ढिले करून, पत्रा किंचित् उचलून, जागा झाडून पट्टी सरकवावी. ती पत्र्याच्या टोकापासून आंत असावी, कारण ऊन लागलें म्हणजे फोम चुरा होतो. दोन पट्ट्यांचीं टोकें एकमेकांस घट्ट भिडवावीं. बोल्ट पुन्हा आवळतांना पट्टी दबावी, चिरडूं नये. डब्यांतून फवारतांच फुगणारा फोम सोपा दिसतो. पण तो उन्हानें लवकर खराब होतो, आणि पुढें पत्रा काढण्याची वेळ आली तर सुटतां सुटत नाहीं.

दोन इशारे. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात. ते कापूं, घांसूं किंवा भोकूं नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांत जाऊन असाध्य रोग करते. दुसरें, पट्टी पाणी अडविते, छप्पर धरून ठेवीत नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां असंख्य घरांचे पत्रे उडाले. वाऱ्यापुढें टिकतात ते बोल्ट व वासे. ते आधीं पाहावे, पट्टी मागाहून.

३. आमची चूक

येथें आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. एका उन्हाळ्यांत आम्हीं आमच्या कोठीची प्रत्येक फट मोठ्या हौसेनें बुजविली. त्या पावसाळ्यांत एक थेंब आंत आला नाहीं, व आम्हीं स्वतःस शहाणे मानिलें. कार्तिकांत नव्या शेंगांचीं पोतीं तेथें रचलीं. पौषांत एके सकाळीं पाहतों तों वरचीं पोतीं ओलीं! आकाश निरभ्र, पाऊस नाहीं, आणि पत्र्याच्या पोटास थेंबांच्या ओळी लटकलेल्या.

त्याचें कारण पुढें समजलें. निरभ्र रात्रीं पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षांही थंड होतो. शेंगांतील ओल हवेंत येते. तिला बाहेर जाण्यास वाट नसली म्हणजे ती त्या थंड पत्र्यास लागून तिचें दंव होतें. पूर्वीं हीच ओल फटींतून निघून जात असे. दोन पोत्यांस बुरशी आली. अशा बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष होऊं शकतें. तें यकृतास घातक आहे, आणि भाजल्यानें वा शिजविल्यानें तें पुरतें जात नाहीं. म्हणून तीं पोतीं आम्हीं गुरांसही घातलीं नाहींत, पुरून टाकिलीं.

पोत्यांवर निभावलें, हें आमचें सुदैव. जेथें माणसें निजतात, तेथें अशी चूक जिवावर बेतते. थंडीच्या रात्रीं बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठलीं नाहींत, अशा वार्ता दर हिवाळ्यांत येतात. त्या शेगडींतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग ना वास. निजलेल्यास तो जागें करीत नाहीं. गळक्या घरांत ज्या फटीस आपण दोष देत होतों, तीच कदाचित् आपली राखण करीत होती.

४. नियम

म्हणून पाण्याची वाट बुजवावी, पण हवेची वाट आधीं करून मग. घराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, माथ्याजवळ, समोरासमोर एकेक झरोका ठेवावा. त्यास बारीक तारेची जाळी लावावी, व वर पुढें आलेली लहान झडप करावी. चुलीच्या वरची धुराची वाट कधींही बंद करूं नये. तिच्याजवळ फोमही लावूं नये, कारण तो पेटतो. आणि शेगडी घेऊन बंद खोलींत कोणीं निजूं नये, झरोका असो वा नसो.

फट बुजविण्यापूर्वीं बॅटरीच्या उजेडांत आंत पाहावें. चिमणीचें घरटें असेल तर पिलें उडेपर्यंत थांबावें. वटवाघळें असतील तर तीं गेल्याची खात्री करावी. आंत कोंडलेला जीव तेथेंच मरतो व सडतो.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. आपल्या घरांत गेल्या पावसाळ्यांत आलेलें पाणी भोकांतून आलें कीं पत्र्याखालून? तें कसें ओळखाल?
२. पाऊस नसतां पत्र्याच्या आंतून पाणी कां ठिबकतें?
३. आपल्या घरांतील सर्व फटी आज बुजविल्या, तर धूर व ओल कोणत्या वाटेनें बाहेर जाईल? ह्या प्रश्नाचें उत्तर बोटानें दाखवितां आल्यावरच शिडी लावावी.