विहारात खणखणीत, वर्गात अडखळत : तोतरेपणा कमी-जास्त का होतो?

रविवारी सकाळी विहारात वंदना चालू होती. त्रिसरण, पंचशील सगळे एका आवाजात म्हणत होते आणि दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा त्यात खणखणीत म्हणत होता. एक शब्द अडला नाही. वंदना झाल्यावर आम्ही त्याला जवळ बोलावून नाव विचारले. त्याचे ओठ मिटले, मान ताठ झाली, आणि नावातले पहिले अक्षर काही केल्या बाहेर येईना. त्याची आई ओशाळून म्हणाली, "ताई, आत्ता बघितलंत ना कसा म्हणत होता? शाळेत बाईपण म्हणतात, नाटकं करतो."

वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे घेताना हे बोल आम्ही अनेक घरांत ऐकले आहेत. म्हणून सुरुवातीलाच सांगतो : तोतरेपणा कमी-जास्त होणे हे ढोंगाचे लक्षण नाही. ते तोतरेपणाचेच लक्षण आहे.

तोतरेपणा म्हणजे काय?

काय बोलायचे ते माणसाला पक्के ठाऊक असते, पण शब्द अडतो. कधी अक्षर पुन्हा पुन्हा येते (प-प-पाणी), कधी लांबते (सssसांगतो), तर कधी आवाजच बंद होतो. बोबडे बोलणे वेगळे आणि हे वेगळे. हे बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होते. साधारण १०० मुलांपैकी ५ मुले केव्हा ना केव्हा अडखळतात. त्यातली बहुतेक पुढे नीट बोलू लागतात, आणि मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास राहते. मोठेपणी हा त्रास बायकांपेक्षा पुरुषांत जास्त दिसतो.

बोलताना श्वास, कंठ, जीभ आणि ओठ यांची वेळ मेंदू जुळवत असतो. तोतरे बोलणाऱ्यांत ही जुळणी थोडी वेगळी चालते. अनेक घरांत हे पिढ्यांतून येते. आईने गरोदरपणी काय खाल्ले, कुणाची नजर लागली, मूल घाबरले, यातले काहीही त्याचे कारण नाही. बुद्धीशीही त्याचा संबंध नाही.

मग एका जागी अडतो, दुसरीकडे का नाही?

ही जुळणी नाजूक असते, म्हणून तिच्यावर भार किती पडतो त्यावर बोलणे अवलंबून राहते.

सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना लय बाहेरून मिळते. सुरुवात एकट्याने करावी लागत नाही, शब्द आधीच ठरलेले असतात आणि कुणी उत्तराची वाट बघत नसते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक तोतरा माणूस समूहात अस्खलित म्हणू शकतो. गाण्यात, एकट्याने स्वतःशी बोलताना, तान्ह्या बाळाशी किंवा जनावराशी बोलतानाही बहुतेकांचे अडखळणे कमी होते.

उलट फोनवर, वर्गात, साहेबांपुढे किंवा मुलाखतीत ते वाढते, कारण तिथे वेळेची घाई आणि लोकांची नजर दोन्ही असते. जागरण, आजारपण, दमणूक यांनीही फरक पडतो. आनंदाने उचंबळून सांगतानासुद्धा मूल जास्त अडते. लहान मुलांत तर आठवडेच्या आठवडे छान जातात आणि पुन्हा अडखळणे सुरू होते. "बरा झाला होता, परत उलटलं" असे आईबापांना वाटते. पण अशी चढ-उतार नेहमीचीच आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. "आता अडणार" ही धास्ती आली की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की शब्द आणखी घट्ट बसतो. काही जण अडणारा शब्द टाळून दुसरा वापरतात. 'पाणी' न म्हणता 'प्यायला द्या' म्हणतात. आपल्याला वाटते, आज छान बोलला. प्रत्यक्षात तो दिवसभर शब्द चुकवून थकलेला असतो.

नावावरच का अडते?

कारण नावाला दुसरा शब्द नसतो. शिवाय स्वतःचे नाव सांगायला उशीर लागला की समोरचा हसतो किंवा संशय घेतो. "पूर्ण नाव सांग" म्हटल्यावर पुढे आडनाव येते, आणि आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलताना आपल्या मुलांनी पाहिलेला असतो. तोतरेपणा जातीमुळे येत नाही. पण आधीच जड असलेल्या शब्दावर हे आणखी एक ओझे पडते.

इथे आमचीही चूक सांगतो. रुग्णालयात नोकरीला असताना केसपेपरवर नाव लिहिताना कुणी अडले की रांग मोठी म्हणून आम्हीच नाव पुरे करत असू. कधी ते चुकायचे, पण तो माणूस ते दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता मान हलवायचा. चुकीच्या नावाच्या कागदाने त्याला पुढे किती खेटे पडले असतील, हे आम्हाला फार उशिरा कळले.

घरी आणि शाळेत काय करावे?

- बोलणे पुरे होईपर्यंत थांबा. वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.
- "हळू बोल, श्वास घे, नीट सांग" म्हणू नका. त्यापेक्षा स्वतः सावकाश बोला.
- कसे बोलला यापेक्षा काय बोलला त्याला उत्तर द्या.
- रोज पाच-दहा मिनिटे फक्त त्याच्यासाठी ठेवा. मोबाइल नको, भावंडांची मध्ये-मध्ये घाई नको.
- चिडवणे, नक्कल करणे घरातच थांबवा.
- शिक्षकांनी मुलाला बाजूला घेऊन विचारावे : तोंडी परीक्षा कशी घेऊ, जोडीने वाचायला आवडेल का? न विचारता त्याला वगळू नये.
- जिभेखालची तार कापणे, वेखंड चोळणे, तोंडात खडे धरणे, अंगारा लावणे यांनी तोतरेपणा जात नाही.

"पंधरा दिवसांत कायमचा बरा" अशा जाहिरातींपासून सावध राहा. शिकवणीच्या खोलीत, ठरावीक लयीत बोलताना कुणीही सुधारलेला दिसतो. घरी आल्यावर अडखळणे परत येते, पैसे जातात, आणि दोष मात्र मुलाच्या माथी बसतो.

तज्ज्ञाला कधी दाखवावे?

सहा महिन्यांहून जास्त काळ अडखळणे टिकले, घरात आणखी कुणी तोतरे असेल, बोलताना चेहरा-मान ताठ होत असेल किंवा मूल बोलणेच टाळू लागले असेल, तर थांबू नका. वाचाउपचार तज्ज्ञ म्हणजे स्पीच थेरपिस्टकडे जा. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. लहान वयात उपचाराचा फायदा जास्त होतो.

मोठ्यांनाही उपचाराने जोर न लावता बोलणे आणि धास्ती कमी करणे जमते. मुलाखतीत सुरुवातीलाच "मी अडखळतो, थोडा वेळ लागेल" असे सांगून टाकले की लपवण्याचा भार उतरतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

मात्र मोठ्या माणसाचे बोलणे अचानक अडखळू लागले, सोबत तोंड वाकडे झाले किंवा हात-पाय लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. एक मिनिटही न दवडता १०८ ला फोन करा.

त्या रविवारी आम्ही मुलासमोर बसून राहिलो. त्याने नाव सांगितले, बऱ्याच वेळाने, पण स्वतः आणि पूर्ण. नंतर आईला आम्ही एवढेच म्हणालो, "ताई, तो नाटक करत नाही. त्याला वेळ द्या." शाळेतल्या बाईंनाही हे सांगायचे तिने कबूल केले. तुमच्या वस्तीत असे मूल असेल, तर त्याच्या शाळेपर्यंत ही गोष्ट तुम्ही पोहोचवा.