मागून बसलेली जुनी गाडी : फक्त शॉकअप बदलून काम होत नाही

व्हिडिओत हा विषय पाच मिनिटांत उरकला होता, पण यात मापं आहेत, म्हणून इथे नीट लिहितोय.

शिरड शहापूरला, औंढा-वसमतच्या पट्ट्यात, तुमचं गॅरेज आहे असं धरा. रोजचं काम दुचाकी, बोलेरो, ट्रॅक्टरचं. पण सेकंड हँड घेतलेली एखादी शेवरोले कॅप्टिव्हाही कधीतरी दारात येतेच. या कंपनीने २०१७ च्या शेवटी भारतातली विक्री थांबवली. पुण्याजवळचा तिचा तळेगावचा कारखानाही पुढे ह्युंदाईने घेतला. गाडी स्वस्तात मिळते, पार्टसाठी मात्र वणवण. गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, मागून बसलीय. साधे शॉकअप टाका अन् मोकळं करा."

इथेच थांबा.

अशा काही गाड्यांत मागे 'निवोमॅट' जातीचे शॉकअप असतात. दिसायला जाडजूड, पण ना वायर, ना कॉम्प्रेसर. गाडी खड्ड्यांतून वरखाली होते, त्याच हालचालीवर आतला पंप तेल दाबतो आणि वजनाने खाली गेलेली गाडी पुन्हा उचलतो. म्हणजे हा शॉकअप नुसते धक्के सोसत नाही, गाडीचं थोडं वजनही पेलतो. म्हणून कंपनीने त्याच्या जोडीला स्प्रिंग मुद्दाम नरम दिलेली असते. तुम्ही निवोमॅट काढून साधा शॉकअप बसवला की ते वजन एकट्या नरम स्प्रिंगवर येतं. रिकामी गाडी कदाचित बरी दिसेल. मागे चार माणसं बसली किंवा हळदीची दोन पोती टाकली, की बसलीच. आठवड्यात गाडी परत तुमच्या दारात, मजुरी मात्र एकदाच मिळालेली.

तेव्हा साधे पार्ट टाकायचे तर शॉकअप आणि स्प्रिंग, दोन्ही बाजूंचे, एकदमच. स्प्रिंग त्याच मॉडेलच्या साध्या सस्पेन्शनवाल्या गाडीची हवी. चेसिस नंबर सांगून पार्ट नंबर पक्का करा. 'बसतंय ना, मग चालतंय' असं इथे नको. रबरी ठोकळा घालून स्प्रिंग उंच करण्याचा उद्योगही नको.

आधी तपासा, मगच भाव सांगा. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या, दोन्ही बाजूंना. मागे वजन टाका, पुन्हा माप. मग तसंच वजन ठेवून दोन-तीन किलोमीटर फिरवून आणा आणि लगेच मोजा. गाडी वर आली तर निवोमॅट जिवंत आहे, दोष दुसरीकडे शोधा. जागेवर उभ्या गाडीचं माप घेऊन निकाल देऊ नका, कारण हा शॉकअप चालल्याशिवाय उचलतच नाही. एकच बाजू खाली असेल तर स्प्रिंग तुटलीय का, ते आधी पाहा.

आता धंद्याचं. गिऱ्हाइकाला सरळ सांगा : "दादा, नुसते शॉकअप टाकले तर गाडी परत बसेल. स्प्रिंगसकट करायचं तर करतो. आणि यानंतर गाडी वजनाप्रमाणे आपोआप लेव्हल होणार नाही, हेही आत्ताच सांगतो." हेच एस्टिमेटवर लिहा, सही घ्या. पार्टची पूर्ण रक्कम ॲडव्हान्स घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. एका गाडीची स्प्रिंग तुमच्या मांडणीवर पडून राहिली तर ती दुसऱ्या कुणाला विकली जाणार नाही. तरीही "नुसते शॉकअपच टाका" असा हट्ट असेल, तर काम सोडून द्या. गावात बोलबाला बिलाचा होत नाही, बसलेल्या गाडीचा होतो.

काम करताना बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळू नका. चाकांवर वजन आल्यावर आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काढलेल्या निवोमॅटमध्ये गॅस प्रचंड दाबाखाली असतो. त्याला गॅस कटर लावायचा नाही, ड्रिल मारायचं नाही. भंगारवाल्यालाही हे बजावून सांगा, पोराच्या हातात देऊ नका.

शेवटी अलाइनमेंट करून घ्या आणि पुन्हा चारही मापं घेऊन जॉब कार्डवर लिहा. मागची उंची बदलली की हेडलाइटचा झोतही बदलतो. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून तो जुळवा, मगच चावी द्या.