सेवा योजनेचे शिबिर आणि ऊसतोडीचा हंगाम

राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा करावी आणि दत्तक गावात सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे.

परंतु आपल्या बीड जिल्ह्यात शिबिर केव्हा भरवावे, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायची असते. हिवाळ्यात शिबिर भरले, तर सभेला बहुतांशी म्हातारी माणसेच दिसतात. आमच्या वयाची मुले-मुली तेव्हा फडात असतात. ज्यांच्यासाठी विस्तारकार्य, तेच गैरहजर!

माझे आईवडीलही कोयत्यावर जातात. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून सुचवावेसे वाटते, की पेरणी उरकल्यावर, श्रावणात, टोळ्या गावी असताना शिबिर भरवावे. विषय कामगारांच्या तरुण मुलामुलींना विचारून ठरवावेत : उचलीचा हिशेब ठेवणे, वजनाची पावती वाचणे, हंगामात मागे राहणाऱ्या भावंडांची शाळा. मित्रहो, शिकणाऱ्याची सवड पाहून वेळ ठरली, तरच आपली सेवा त्याच्या उपयोगी पडेल.