शून्य आणि ‘नाही’

२०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन होऊ लागले. आता अशी कल्पना करा, की कोणत्या तरी लांबलचक फॉर्मची तीन पाने तुम्ही भरली, ‘जतन झाले’ असे उत्तरही आले, आणि चौथ्या पानावर पाहता तो पहिली तिन्ही कोरी! दोष कोठे असेल?

पाने ने-आण करणारी एचटीटीपी ही पद्धत मुळातच विसराळू आहे. प्रत्येक मागणी तिला नवीच. म्हणून सर्व्हर तुमच्या ब्राउझरला एक क्रमांक देऊन ठेवतो. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाताना चपला ठेवून बिल्ला घ्यावा, तसा. बिल्ला तुमच्याकडे, चपला मात्र राखणदाराकडे. या राखलेल्या माहितीला ‘सेशन’ म्हणतात.

रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे आणलेल्या पीएचपी भाषेत हा राखणदार आपल्याला स्वतः घडवता येतो. २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून त्यासाठी एक ठरीव साचा आहे. त्या साच्याप्रमाणे वर्ग (क्लास) लिहायचा, आणि त्याच्या वस्तूला (ऑब्जेक्टला) सहा कामे शिकवायची : ओपन, क्लोज, रीड, राइट, डिस्ट्रॉय आणि जीसी, म्हणजे केरकचरा काढणे. प्रत्येक काम संपताच उत्तर परत द्यावे लागते. खरी गोम या उत्तरांतच आहे.

‘रीड’चे पाहा. नव्या विद्यार्थ्याची माहिती अजून साठलेलीच नसते. तेव्हा ‘रीड’ने रिकामी अक्षरमाला परत द्यायची, ‘फॉल्स’ नव्हे. ‘फॉल्स’चा अर्थ, वाचताच आले नाही. आपल्या मराठवाड्यात हा फरक समजावून सांगण्याची गरज पडू नये! पर्जन्यमापकात शून्य मिलिमीटर पाऊस असणे निराळे, आणि मापकच फुटल्यामुळे नोंद नसणे निराळे. दोन्ही ठिकाणी शून्य लिहिणाऱ्याची वही काय कामाची?

पीएचपी मात्र येथे आपल्याला फसवू शकते. दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केली, तर तिला शून्य आणि ‘फॉल्स’ सारखेच वाटतात, रिकामी अक्षरमालासुद्धा. तीन बरोबर-चिन्हे दिली, तरच ती जातही तपासते.

समजा, ‘राइट’मध्ये आपण माहिती फाइलीत लिहितो. फाइल लिहिणारी आज्ञा किती बाइट लिहिले ते सांगते, आणि लिहिता न आल्यास ‘फॉल्स’ देते. सेशन रिकामे असेल, तर शून्य बाइट लिहिले जातात. म्हणजे काम नीट झाले! पण हे शून्यच खरे-खोटे समजून परत केले, तर ‘अपयश’ असा बोभाटा होतो. म्हणून मिळालेले उत्तर तीन चिन्हांनी ‘फॉल्स’शी ताडून पाहावे, ते ‘फॉल्स’ नसेल तर ‘ट्रू’ परत करावे.

उलट चूक अधिक घातक. घाईत कित्येकजण काहीही न तपासता ‘ट्रू’ परत करतात. डिस्क भरलेली असली तरी राखणदार म्हणतो, ‘ठेवल्या हो चपला!’

आणखी एक गोष्ट. ‘राइट’ची पाळी सहसा आज्ञावलीच्या अगदी शेवटी येते. ‘जतन झाले’ हे वाक्य तोवर छापून झालेले असते. तेव्हा सेशन मुद्दाम आधीच बंद करावे. ‘राइट’चा निकाल वस्तूने स्वतःजवळच्या एका चलात टिपून ठेवावा, विचारल्यावर तो परत करावा, आणि त्यानंतरच विद्यार्थ्याला शब्द द्यावा. वस्तूला स्मृती असते, तिचा उपयोग हाच.

‘जीसी’ने किती सेशने काढली तो आकडा परत द्यायचा असतो. तेथेही शून्य म्हणजे अपयश नव्हे. मूळ मांडणीत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, न हाललेली माहिती केरात जमा धरतात. दाखला शोधायला उठलेल्या मुलाला एवढा वेळ सहज लागतो, हे मला तरी फारच थोडे वाटते.

शाळेच्या संगणकावर एक प्रयोग करा. सेशनच्या फोल्डरची लिहिण्याची परवानगी काढून घ्या. मग ‘राइट’ एकदा नेहमी ‘ट्रू’ देणारे ठेवा, एकदा तपासून उत्तर देणारे. दोन्ही वेळा पडद्यावर काय दिसते, ते वहीत टिपा.